चार चाळीसांश

गेल्या श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळी, धुळ्यात देवपूरच्या आमच्या घरी, माझ्या आईला इन्सुलिनची चार युनिटं द्यायची होती. चाळीस दिली गेली. देणारे माझे वडील होते. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत आणि नोकरीभर त्यांनी मुख्यतः गणित शिकवलं. सुई टोचण्यापूर्वी त्यांनी डोस मोठ्याने उच्चारला होता. तो बरोबर होता.

मी त्या वेळी जळगावात होते. इथल्या एका दैनिकात मी उपसंपादक आहे. पुढे लिहिलं आहे त्यातलं काही मी पाहिलेलं आहे, काही आईने सांगितलेलं. त्या सकाळचं बहुतेक सगळं शेजारच्या अक्कांकडून कळलं. अक्का सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका. आमची आणि त्यांची भिंत एक आहे.

आईला मधुमेह जुना. त्याने तिची नजर गेली. समोर माणूस आहे आणि खिडकीतून उजेड येतो, एवढं तिला कळतं. इन्सुलिन सुरू झालं तेव्हा टोचायला दवाखान्यात जावं लागे. चार-सहा दिवसांत वडिलांनी ते शिकून घेतलं आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणी तिला सुई लावली नाही. मी सुट्टीत घरी असले तरी नाही. एकदा मी सिरिंज हातात घेतली तेव्हा आई म्हणाली, "तुझा हात घाईचा आहे. त्यांना बोलाव."

सिरिंजवर चाळीस बारीक रेघा असतात. एक रेघ म्हणजे एक युनिट. शेवटच्या रेघेपर्यंत भरली की चाळीस. वडिलांना हा हिशेब पहिल्या दिवसापासून आवडला होता. त्यांच्या दृष्टीने सिरिंज हा चाळीस छेद असलेला अपूर्णांक होता आणि अपूर्णांक आहे तसा सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वर्गात ते त्याला 'हलका करणं' म्हणत. अंश आणि छेद दोघांना एकाच संख्येने भागायचं, भाग जाईनासा होईपर्यंत भागायचं. "ओझं उतरवा," ते पोरांना सांगत. "ओझं उतरतं, माल तेवढाच राहतो." सोनगीरच्या किल्ल्याखालच्या खेड्यांतली दोन पिढ्यांची पोरं हे वाक्य ऐकून मोठी झाली. मीही त्याच वर्गात बसले होते.

आईचा सकाळचा डोस बरीच वर्षं दहा युनिटं होता. तिला दिसत नसल्यामुळे ती विचारायची, "किती?"

"दहा चाळीसांश. म्हणजे पाव."

"पावच का? एखाद दिवस अख्खं द्या की."

"अख्खं दिलं तर चहा कोण करील?"

हे रोजचं होतं. दोघांपैकी कुणी त्यावर हसत नसे. पुढे तिचं जेवण कमी झालं, अंग उतरलं, तेव्हा डॉक्टरांनी डोस चारवर आणला. मग उत्तर बदललं. "चार चाळीसांश. म्हणजे एक दशांश." आई ते ऐकायची आणि पोटावरचा पदर बाजूला करायची. डोस तपासण्याचा तिच्याकडे तेवढाच एक मार्ग होता.

वडिलांचा दुसरा नेम माझ्या कामाशी जोडलेला होता. आमचं दैनिक धुळ्यातही जातं. सकाळी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत आणि आकड्याची चूक सापडली की मला फोन करत. चूक लहान असली तर ते दुर्लक्ष करत. त्यांचं लक्ष शून्यांवर असे. "आधी घर बघ," ते म्हणत. "शेकड्याचं आहे की हजाराचं. आकडा मागाहून." रावेरकडे वादळ झालं होतं त्या वेळी आमच्या बातमीत पाचशे एकरांवरची पाच हजार केळीची खोडं पडली असं छापून आलं. केळीवाले बाग एकरांत सांगत नाहीत, खोडांत सांगतात. वार्ताहराने खोडं विचारली, एकर अंदाजाने घातले आणि एक-दोन शून्यं जास्त पडली. मी उठायच्या आत फोन वाजला.

"एकराला दहा खोडं?"

"आबा, मी रात्री नव्हते."

"एकराला सतराशे-अठराशे बसतात. दहा म्हणजे काय? केळी लावली का वड?"

डेस्कवर हे वाक्य टिकलं. पान छपाईला सोडताना आकडा संशयास्पद वाटला की कुणीतरी अजूनही विचारतं, केळी का वड.

त्या श्रावणाच्या काही महिने आधी, उन्हाळ्यात, वडील न्हाणीघराच्या दारात पडले. उजवा हात थोडा वेळ जड झाला, बोलणं अडखळलं आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही पूर्ववत झालं. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या. मेंदूचा झटका असावा, छोटा असावा, स्कॅन करून घ्या, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी पोचले. त्यांचे धाकटे भाऊ, माझे काका, गावाहून आले. काका शेती करतात आणि अहिराणीतच बोलतात. खाटेजवळ खुर्ची ओढून ते बसले आणि त्यांनी आमच्या घरात चालत आलेली तपासणी घेतली.

"भाऊ, औटकी म्हन बरं."

औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, हे अपूर्णांकांचे पाढे वडिलांच्या पिढीने शाळेत घोकले. आमच्या गावात म्हातारं माणूस तापातून उठलं किंवा पडलं-झडलं की त्याला औटकी म्हणायला लावतात. अडखळलं तर काळजी. सुरळीत आली तर माणूस जाग्यावर. वडिलांनी स्वतः अनेकांची ही परीक्षा घेतली होती.

त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. बे औटं सात, तीन औटं साडेदहा, चोक औटं चौदा. आवाज वर्गातला होता. पस्तिसापर्यंत गेले आणि थांबले नाहीत. कुणी न सांगता अडीचकी घेतली.

"बठ्ठं जाग्यावर शे," काका म्हणाले. "मना भाऊले काय व्हयनं नही."

आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मी ऐकलं. एकही चुकला नाही." स्कॅनचा विषय त्यानंतर निघाला नाही. मी दोन दिवस राहून पारोळ्यामार्गे जळगावला परतले.

पावसाळा सुरू झाला. जुलैमध्ये आमच्या पानावर एका गावात एका दिवसात सातशे मिलिमीटर पाऊस झाल्याची बातमी छापली गेली. सत्तरचे सातशे झाले होते. आमच्याकडे सातशे मिलिमीटर पाऊस साधारण अख्ख्या वर्षात पडतो. सकाळी मी फोनची वाट पाहिली. तो आला नाही. दुपारी मीच केला.

"आज पेपर वाचला का?"

"वाचला."

"पावसाचं वाचलं?"

"हो. सातशे मिलिमीटर." मग म्हणाले, "चांगला झाला."

मी दुसरं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही चुकीची दुरुस्ती छापली.

श्रावणातल्या त्या मंगळवारबद्दल अक्कांनी सांगितलं ते असं. त्या डबा परत करायला आल्या. आई खाटेवर आडवी होती, घामाने भिजलेली. अंगाखालची गोधडी ओली होती. हाक मारली तर उत्तर भलतंच येत होतं. ती अक्कांना तिच्या बहिणीच्या नावाने बोलावत होती. वडील शेजारी बसून तिला वारा घालत होते. "उकडतंय तिला," ते म्हणाले. अक्कांनी साखरेचं पाणी केलं, घोट घोट पाजलं, हिरड्यांना मध चोळला, गल्लीतल्या मुलाला रिक्षा आणायला पिटाळलं. रिक्षा येईपर्यंतच्या वेळात त्यांनी विचारलं.

"आबा, सकाळी किती दिलं?"

"चार चाळीसांश."

"म्हणजे?"

"म्हणजे एक दशांश. रोजचंच."

"नाश्ता केला होता?"

"केला ना. दीड भाकरी, दूध."

अक्कांना ते जुळेना. त्यांनी फ्रिजच्या दारातली बाटली पाहिली. ती आदल्या दिवशीच फोडलेली होती, असं आईने त्यांना सांगितलेलं होतं, आणि जेवढी उतरायला हवी त्याहून बरीच खाली गेली होती. मग त्यांनी नवी सिरिंज वडिलांच्या हातात दिली.

"कसं भरलं ते दाखवा मला."

वडिलांनी टोपण काढलं, बाटली उलटी धरली, दट्ट्या ओढला. शेवटच्या रेघेपर्यंत ओढला. हवेचा बुडबुडा टिचकी मारून काढला, जसा वर्षानुवर्षं काढत होते. भरलेली सिरिंज उजेडाकडे धरून त्यांनी अक्कांना दाखवली.

"हे," ते म्हणाले. "एक दशांश."

दवाखान्यात सलाइनमधून ग्लुकोज दिल्यावर आई शुद्धीवर आली. मी पोचले तेव्हा ती बोलत होती. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. तिने मला पहिली गोष्ट सांगितली ती ही: "ते बरोबर बोलले होते. मी नीट ऐकलं होतं. दशांशच म्हणाले." हे तिने मला, अक्कांना आणि काकांना स्वतंत्रपणे सांगितलं.

स्कॅन तेव्हा झाला. मेंदूच्या डाव्या भागात, मागच्या बाजूला, जुना डाग होता. उन्हाळ्यातला असावा. मेंदूविकारतज्ज्ञांनी वडिलांना समोर बसवलं. मी आणि काका मागे उभे होतो.

"गुरुजी, अठरा छेद चोवीस. सोपं रूप सांगा."

"तीन छेद चार." वडिलांनी विचार करायला वेळ घेतला नाही. "डॉक्टर, हे शाळेतल्या पोरांचं झालं. काहीतरी अवघड काढा."

काका हळूच मला म्हणाले, "डॉक्टरले औटकी येस का, ईचार."

डॉक्टरही हसले. मग त्यांनी विचारलं, "तीन छेद चार मोठा की एक छेद दोन?"

  वडिलांनी टेबलाच्या कडेवर बोट फिरवलं. "एक चार आहे, एक दोन आहे," ते म्हणाले. 

"बरं. जळगाव इथून किती लांब असेल? नऊ किलोमीटर, नव्वद की नऊशे?"

त्या रस्त्याने ते मला भेटायला कितीतरी वेळा आले होते. मेहरूणच्या तलावाकाठी माझ्याबरोबर फिरले होते आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेले होते.

"तिन्हींत नऊ आहे," ते म्हणाले.

"माणसाची उंची? पाच फूट की पन्नास फूट?"

"दोन्ही पाचाचेच."

काका खोलीबाहेर गेले.

डॉक्टरांनी मला नंतर समजावलं ते मी लिहून घेतलं नाही, पण लक्षात आहे. पाठ असलेलं एका ठिकाणी राहतं. किती मोठं, किती थोडं, ही जाण दुसऱ्या ठिकाणी. पहिली जागा शाबूत होती. पाढे, भाग घालवणं, अपूर्णांक हलका करणं, सगळं येईल, कदाचित शेवटपर्यंत येईल. दुसरी जागा गेली होती. चार आणि चाळीस हे दोन शब्द त्यांना नीट येत होते. एवढाच फरक उरला होता, शब्दांचा. उन्हाळ्यापासून त्या मंगळवारपर्यंत हात नुसत्या सवयीने चौथ्या रेघेवर थांबत असावा आणि त्या दिवशी सवय चुकली, असं त्यांचं म्हणणं. परत येईल का, असं मी विचारलं. इतके महिने गेल्यावर फारशी आशा धरू नका, असं ते म्हणाले. आणि इन्सुलिन त्यांच्या हातात अजिबात नको.

घरी आल्यावर हे वडिलांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. आईने मात्र मान्य केलं नाही.

"अक्का टोचतील," मी म्हटलं.

"अक्कांना मी बहीण मानते. पण सुई नको."

"आई, तू मरता मरता वाचलीस."

"मरणार आहेच. त्यांच्या हाताने काय आणि दुसऱ्याच्या हाताने काय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "माझं काढून घेतलं तर त्यांच्याकडे दिवसभरात करायला दुसरं काय आहे?"

तिला ते काम त्यांच्याकडे राहायला हवं होतं. त्यांनाही हवं होतं. दोघांना जळगावला माझ्याकडे न्यायचं मी सुचवलं. दोघांनी एकाच वेळी नाही म्हटलं.

अक्कांनी मार्ग काढला. सकाळी त्या येऊन सिरिंज भरतील, चार रेघा, स्वतः बघून. स्टीलच्या वाटीत ठेवतील. बाटली त्यांच्या घरी राहील. टोचायचं तेवढं वडिलांनी. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते, कुणीतरी समोर उभं राहत असेल तर चालेल, म्हणाले.

तसं सुरू झालं. मी आठवडाभर थांबून पाहिलं. वडील हात धुऊन यायचे. वाटीतली सिरिंज उचलायचे. आई विचारायची, "किती?" ते म्हणायचे, "चार चाळीसांश. म्हणजे एक दशांश." आता ते खरं होतं, कारण अक्कांनी भरलेलं असे. आई पदर बाजूला करायची. त्यांचा हात पूर्वीसारखाच हलका होता. अक्का दारात उभ्या राहायच्या आणि टोचून झालं की चहाला थांबायच्या.

हे दिवाळीपर्यंत चाललं. मधल्या काळात वडिलांनी मला पेपरच्या आकड्यांवरून एकदाही फोन केला नाही. पेपर ते वाचत होते. आई सांगायची, "मोठ्याने वाचतात. मला बरं वाटतं." मी फोनवर विचारायचे, काय वाचलं, तर ते बातमी सांगायचे, आकड्यांसकट. धरणात किती पाणी, कापूस किती क्विंटल. आकडे अचूक असायचे. ते सांगून झाले की पुढे काही नसायचं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभी होते म्हणून अक्का सिरिंज भरून घरी गेल्या होत्या. वडिलांनी ती वाटीतून उचलली आणि उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली.

"किती?" आईने विचारलं.

त्यांनी सिरिंज फिरवून पाहिली.

"अहो, किती?"

"हे थोडं आहे का जास्त?" त्यांनी विचारलं.

"अक्कांनी भरलंय. बरोबरच असेल."

"अक्कांनी भरलंय ते माहीत आहे. मी काय म्हणतो, हे थोडं आहे का जास्त? मला दिसतंय. कळत नाही."

आईने पोटावरचा पदर तसाच धरून ठेवला होता. "तुम्ही टोचा," ती म्हणाली. "मी सांगते ना."

त्यांनी सिरिंजवर टोपण बसवलं आणि ती वाटीत ठेवली. मग माझ्याकडे वळले.

"तू सांग. चार आणि चाळीस. तुला कसं कळतं?"

"आबा, चाळीसात चार दहा वेळा बसतात."

"ते मला पाठ आहे." त्यांनी आवाज चढवला नाही. "चार दाहे चाळीस. चार चाळीसांश म्हणजे एक दशांश. सगळं पाठ आहे. कळतं कसं, ते विचारतोय."

मी आत गेले. स्वयंपाकघरातून दोन पेले आणले, एकात तळाशी थोडं पाणी घातलं, दुसरा काठोकाठ भरला आणि त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी दोन्हींकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. वर्गात एखाद्या पोराला काही केल्या समजत नसेल तर ते त्याच्यावर कधी रागवत नसत, डोक्यावर हात ठेवून म्हणत, बस, उद्या बघू. तसा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "मी चाळीस दिलं ना तिला?"

हे त्यांना आधी कुणी थेट सांगितलं होतं का, याची मला खात्री नाही. मी हो म्हटलं.

"आणि तेव्हाही मला हे असंच दिसलं असणार."

आई म्हणाली, "त्याने काही झालं नाही मला."

"तुझ्यावर भरवसा आहे," ते तिला म्हणाले. "माझ्यावर नको ठेवू."

ते मागच्या ओट्यावर जाऊन बसले. आई पदर बाजूला करून तशीच पडून होती. ते परत येतील म्हणून ती थांबली होती. नाश्ता गार झाला. शेवटी मी अक्कांना हाक मारली. अक्कांनी टोचलं तेव्हा आईने तोंड भिंतीकडे केलं. अक्कांनी विचारलं, दुखलं का? आई नाही म्हणाली.

त्यानंतर वडिलांनी सिरिंज हातात घेतलेली नाही. आईने दोनदा सांगून पाहिलं, काकांनी एकदा. काका त्यांना म्हणाले, "भाऊ, तुना हात मोडना नही. भरानं काम अक्का करतीस, तू फकत टोच." वडील म्हणाले, "समोर काय आहे ते न कळता सुई लावायची नाही." 

आईची साखर आता स्थिर आहे. डोस चार युनिटंच आहे. अक्का रोज सकाळी येतात, बाटली बरोबर आणतात, भरतात, टोचतात आणि बाटली परत नेतात. आई त्यांना किती ते विचारत नाही. चहाला त्या आता थांबत नाहीत. इंजेक्शनच्या वेळी वडील मागच्या ओट्यावर असतात, आणि आत कधी यायचं ते अक्का गेल्याच्या आवाजावरून ठरवतात. पेपर येत होता. तो घडी न मोडता पडून असायचा, म्हणून आईने मागच्या महिन्यात बंद करायला सांगितला. मी तो बंद केला.

गेल्या रविवारी मी धुळ्याला गेले होते. काका आले होते. ओट्यावर वडिलांच्या शेजारी बसून त्यांनी औटकी म्हणवून घेतली. आई आतल्या खाटेवरून ऐकत होती. औटकी पूर्ण आली. एकही पद चुकलं नाही.